पूर्वेकडची बावीस दारं

मधुकाका,

तुमच्या शोकसभेत मी तीन मिनिटं बोलले. समीरने फोनवर टायमर लावला होता, कारण बोलायला उभी राहिले की मी लांबवते असं माझ्या नवऱ्याचं वीस-बावीस वर्षांचं निरीक्षण आहे. त्या तीन मिनिटांत मी जे बोलले ते सगळं खरं होतं. पूर्ण मात्र नव्हतं. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि हे मला एकटीलाच माहीत होतं.

माझ्याआधी बोलणाऱ्यांनी तुम्हाला पायोनियर म्हटलं, व्हिजनरी म्हटलं. शहर आठ मैल अलीकडे संपायचं आणि इकडे नुसती भातशेती नि गाई होत्या, तेव्हा या माणसाने दोनशे एकर घेतले, असं एकाने सांगितलं. घेतले होते शहाण्णव. मी खुर्चीत चुळबुळले तसा समीरने माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्याने सांगितलं की तुम्ही तेलाच्या कंपनीत फार मोठे इंजिनीअर होतात. तुम्ही ड्राफ्ट्समन होतात. तेलाचे भाव कोसळले, कंपनीने तुम्हाला काढलं, ओळखीचे निम्मे मराठी लोक गाड्या भरभरून दुसऱ्या राज्यांत निघाले आणि तुम्ही इथेच थांबून चिखल विकत घेतलात. हे तुम्ही स्वतःच मजेत सांगायचात. "नोकरी गेली म्हणून जमीनदार झालो. राहिली असती तर आज पेन्शनर असतो."

मीही छानच बोलले. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. मग मी खाली बसले, आणि जे बोलायला उठले होते ते तसंच राहिलं. ते आता लिहिते. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. पण आपल्या वस्तीच्या अंकात छापायला देणार आहे, म्हणजे ज्यांनी ते आठ वर्षांपूर्वीच ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत तरी पोचेल.

गोष्ट खालच्या शेताची आहे. आमच्या रस्त्यावरच्या बावीस घरांच्या मागचं ते अकरा एकरांचं मोकळं गवत. शनिवारी पोरं तिथे क्रिकेट खेळतात, गणपतीत तिथे गाड्या लागतात, आणि मोठा पाऊस झाला की आमच्या सगळ्यांचं पाणी तिथेच जाऊन बसतं. शेत तुमचं होतं. आता तुमच्या मुलीचं, अनघाचं आहे. तुम्ही गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिला एका बिल्डरची ऑफर आली: सगळं शेत, भराव घालून त्यावर घरं. तिथे काही बांधायचं नाही हे तुम्ही वर्षानुवर्षं तोंडाने म्हणालात, पण एका ओळीनेही कुठे लिहून ठेवलं नाहीत. यावरून आपण किती वेळा भांडलो ते मी मोजलेलं नाही. मोजायला हवं होतं.

पहिल्यापासून सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही शुगर लँडच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. कुणीतरी तुमचा नंबर दिला. समीरने फोन केला तर तुम्ही म्हणालात, "पाऊस लागला की मी कळवतो." चार दिवसांनी खरंच फोन आला. "लागलाय. या."

"काका, जरा कमी झाला की निघतो," समीर म्हणाला.

"मग नका येऊ," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

आम्ही गेलो. तुम्ही गमबूट घालून, छत्री न घेता उभे होतात. ट्रेलरच्या ऑफिसात शैलाकाकू स्टोव्हवर चहा करत होत्या. त्यांनी आमचा दीड वर्षाचा रोहन मांडीवर घेतला आणि तुम्ही आम्हा दोघांना घोटाभर पाण्यातून चालवायला लागलात. माझे बूट नवे होते. जमीन फक्त पावसातच दाखवायची ही तुमची रीत होती, आणि ती तुम्ही ज्याच्याकडून जमीन घेतलीत त्या म्हाताऱ्या भातवाल्याकडून उचलली होती हे तुम्ही त्याच वेळी सांगितलंत. त्याने तुम्हाला ट्रॅक्टरवर बसवून भर पावसात शहाण्णव एकर फिरवलं होतं. कोरड्या दिवशी इथली सगळी जमीन टेबलासारखी दिसते, कुठलं टोक खाली आहे ते पाण्यालाच विचारावं लागतं, असं तो म्हणाला होता.

मी खिशातून वही काढली आणि उतार किती म्हणून विचारलं.

"हजार फुटांना एक फूट. पश्चिमेकडे."

"मोजलाय?"

तुम्ही थांबून माझ्याकडे बघितलंत. "समीरराव, ही काय करते?"

"पाइपलाइनच्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहे, काका. घरीसुद्धा तेच करते."

"बरं झालं. इथे येणारे सगळे मला फक्त स्कूल डिस्ट्रिक्ट विचारतात." त्या दिवसापासून तुम्ही मला फूटपट्टी म्हणायला लागलात. माझं नाव नीलिमा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, याची मला कधीकधी शंका यायची.

ट्रेलरमध्ये तुम्ही नकाशा उघडलात. दुसऱ्या टप्प्याचा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे, उताराच्या दिशेने जात होता. पाऊस रस्त्यावर पडेल, रस्त्यानेच वाहत टोकाच्या तळ्यात जाईल. साधं, स्वच्छ काम. खालच्या शेतावर तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "इथे तिसरा टप्पा." नकाशावर तिथे चाळीस प्लॉट आखलेले होते. ते मी मोजले होते.

त्या नकाशात एकच अडचण होती. रस्ता पूर्व-पश्चिम असला की घरांची तोंडं उत्तरेला नाहीतर दक्षिणेला येतात.

माझ्या सासूबाईंनी नाशिकहून फोनवर पहिला प्रश्न विचारला तो दाराचा. पूर्वेला नाही म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. त्या चिडल्या असत्या तर मी वाद घातला असता. गप्प बसलेल्या माणसाशी काय बोलणार? समीर म्हणाला, काकांना विचारून तर बघू. आणि विचारायला मी आले, काका. समीर नाही, सासूबाई नाहीत. मी. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, हेही लिहून टाकते, म्हणजे सबब राहत नाही.

"दक्षिणेकडे तोंड केलं तर काय घर उठून चालायला लागतं?" तुम्ही म्हणालात.

"काका, मी एकटी नाही. अजून सात जणांना पूर्वच हवीय. मी फोन केले सगळ्यांना."

"यादी आणलीस?"

मी आणली होती. आठ नावं, नंबर टाकून. तुम्ही ती वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात की पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जा, आपला माणूस आधी होकायंत्र काढतो. काकू चहा गाळत होत्या. त्या मागे न बघताच बोलल्या, "राहायचंय त्यांना. तुम्हाला नाही राहायचं."

दीड महिन्याने नवा नकाशा आला. रस्ता काटकोनात फिरवून उत्तर-दक्षिण केलेला. पश्चिमेच्या बाजूला बावीस घरं, बावीसच्या बावीस दारं पूर्वेला. समोरची ओळ पश्चिममुखी. ती ज्यांना काही फरक पडत नव्हता त्यांनी घेतली. आम्ही पेढे वाटले. फूटपट्टीने पेढा दिला पण उतार विचारला नाही. हजार फुटांना एक फूट पश्चिमेकडे हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं, आणि उताराला आडवा रस्ता म्हणजे बांध, पाणी तो ओलांडून आमच्या मागच्या अंगणांतून खालच्या शेतात जाणार, हे कळायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी काढलं नाही. घराचा आनंद होता, आणि जे हवं होतं ते मिळालं होतं.

तुम्ही मात्र ते काढलं होतंत. पुढच्याच वर्षी तिसरा टप्पा रद्द केलात. का, तर म्हणालात, "कंटाळा आला आता." चाळीस प्लॉट असे कंटाळ्यापायी सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. तरी मला तेव्हा ते खरं वाटलं.

मधली वर्षं किती चांगली गेली हे लिहिलं पाहिजे, नाहीतर हा सगळा पंचनामा होईल. शनिवारी सकाळी तुम्ही ट्रॅक्टर काढून शेताचं गवत कापायचात आणि आमच्या कुंपणापाशी आलात की इंजिन बंद करून हाक मारायचात, "फूटपट्टी, चहा टाकलास की मोजतेयस अजून?" माझा चहा तुम्हाला कधीच आवडला नाही. "गरम आहे," एवढीच स्तुती. एकदा मी तुमचं कुंपण मोजलं आणि ते सात इंच तुमच्याच हद्दीत आत सरकलंय, म्हणजे तुमची सात इंच जमीन आमच्याकडे आलीय, असं येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, राहू दे. मी म्हणाले, नाही राहणार. तुम्ही म्हणालात, अगं, शहाण्णव एकरांतली सात इंच. मी म्हणाले, अठ्ठ्याहत्तर फूट लांबीला सात इंच. शेवटी काकूंनी तुम्हाला फावडं हातात देऊन पाठवलं आणि आपण दोघांनी मे महिन्याच्या उन्हात सात खांब हलवले. तुम्ही पूर्ण वेळ मला शिव्या दिल्यात. घरी जाताना मात्र म्हणालात, "इथे आल्यापासून माझी जमीन परत करणारी तू पहिलीच."

काकू गेल्या त्या वर्षी तुम्ही तीन महिने ट्रॅक्टर काढला नाहीत. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. मी रोज संध्याकाळी डबा आणून ठेवत गेले. चौथ्या महिन्यात डब्यात चिठ्ठी आली: भेंडीत मीठ जास्त. तेव्हा मला बरं वाटलं.

आणि मग तो पाऊस. इथल्या कुणालाच त्याचं नाव सांगावं लागत नाही. चार दिवस. खालचं शेत तळं झालं, मग सरोवर झालं. मी मागच्या दारात खुणा केलेली काठी रोवून दर तासाला पाणी वाचत होते. सगळ्यात वर चढलं तेव्हा ते आमच्या जोत्याच्या चार इंच खाली होतं. चार इंच, बावीस घरं. तिसऱ्या दिवशी तुम्ही वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी गुडघाभर पाण्यातून घरोघर फिरलात. आमच्या दारात येऊन काठीकडे बघितलंत आणि विचारलंत, "किती?" मी म्हणाले, "चार." तुम्ही मान हलवून पुढच्या घरी गेलात.

पाणी ओसरल्यावर क्लबहाउसमध्ये सभा झाली. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसांना कुणीतरी जबाबदार लागतो. मी तयारी करून गेले होते. दोन्ही नकाशे, उताराचे आकडे, काठीची वाचनं. उभी राहून मी शांतपणे सांगितलं की मूळ आराखड्यात पाणी रस्त्याने तळ्यात जायचं, नंतर रस्ता फिरवला गेला, म्हणून ते आपल्या मागे साठतं. प्रत्येक आकडा बरोबर होता. 'फिरवला गेला' असं मी म्हणाले. कुणी सांगितलं म्हणून, ते नाही.

मागून एकाने ओरडून विचारलं, "मग का फिरवला? हू डज दॅट, यार?"

सगळे तुमच्याकडे वळले. त्या खोलीत यादीतल्या आठ घरांपैकी सहा घरांची माणसं बसली होती. मी उभीच होते, हातात कागद. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार तर दोन सेकंद. मग म्हणालात, "त्या वेळी मला ते बरोबर वाटलं होतं. माझी चूक आहे. खालच्या शेतात कधी काही बांधलं जाणार नाही, एवढं मी बघेन."

मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन तुमच्याकडे आले. माफी मागायलाच आले होते. तुम्ही जेवलात, रोहनच्या शाळेचं विचारलंत, टीव्हीवरच्या बातम्यांवर चिडलात. एकदा मी "काका, काल—" इतकं म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "ठेचा आण पुढच्या वेळी." मला सुटल्यासारखं वाटलं. आज वाटतं, तुम्ही मला सोडलं नव्हतंत, थांबला होतात. खात्री नाही. विचारायला आठ वर्षं होती, विचारलं नाही.

तेव्हापासून वस्तीत सगळे सांगतात: मधुकाकांनी रस्ता चुकवला. प्रेमाने सांगतात, पण सांगतात. नवीन राहायला आलेल्यांनाही सांगतात. माझ्या समोर कितीदा सांगितलं.

माफीऐवजी मी तुमच्यामागे कागदाचा लकडा लावला. शेतात बांधकाम करता येणार नाही अशी अट काउंटीच्या दप्तरात नोंदवा, मग मालक कुणीही असो, अट जमिनीबरोबर राहते. तुम्ही म्हणायचात, माझा शब्द आहे ना. मी म्हणायचे, शब्द तुमच्याबरोबर जाईल. मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही शेत परस्पर अनघाच्या नावावर करून टाकलंत, अट न घालता. तेव्हा मी खरंच ओरडले.

"तो कागद जमला, हा का नाही जमत?"

"तिला मोकळी द्यायचीय," तुम्ही म्हणालात. "आधीच बांधून ठेवलेली जमीन पोरीला देऊ? ती वारसा नाही, नोकरी झाली. माझ्या चुकीची राखण करायची नोकरी."

"आणि बावीस घरं?"

"तू सांग ना तिला."

"मी काय सांगू?"

शेवटच्या महिन्यात रिहॅब सेंटरमध्ये, तुमच्या खाटेपाशी, मी अटीचा मसुदा घेऊन आले. दोन पानं. तुम्ही चष्मा मागितलात, दोन्ही पानं वाचलीत आणि पेनाने एकच दुरुस्ती केलीत: अकरा पूर्णांक चार दशांश एकर खोडून अकरा पूर्णांक सदतीस शतांश. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं. सही केली नाहीत. मी निघाले तेव्हा म्हणालात, "तिला सगळं सांग. अर्धं नको."

अनघा बेलव्ह्यूहून दोन आठवड्यांसाठी आली, तुमचं घर आवरायला. ऑफरचं तिनेच मला सांगितलं, तुमच्या स्वयंपाकघरात, खोक्यांच्या मध्ये बसून. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. ती काही लोभी पोरगी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या दोन मुलांची शिक्षणं आहेत, घर लहान आहे.

"ताई, दे विल डू अ ड्रेनेज स्टडी, राइट? त्यांना पाँड बांधावाच लागेल."

"बांधतील. त्यांच्या जमिनीवर पडणाऱ्या पाण्यासाठी. आपल्या बावीस घरांचं पाणी तिथे येतं हे कुठल्याही मंजूर नकाशात नाही. नकाशात ते तळ्यात जातं असंच दिसतं."

"बिकॉज बाबांनी रोड चुकवला."

तिथे पुन्हा तीच जागा आली, काका. मला उठून भांडी विसळायला जाता आलं असतं. मी म्हणाले, "नाही. मी फिरवायला लावला." आणि सगळं सांगितलं. यादी, आठ नावं, पेढे, तिसरा टप्पा, सभा, मी 'फिरवला गेला' म्हणाले ते, तुमचे ते दोन सेकंद.

ती खोक्याची टेप नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "एट इयर्स. मला वाटायचं ही वॉज गेटिंग ओल्ड, म्हणून त्याने मेस केलं. मी त्याला बोलले पण एकदा. दॅट हिज मिस्टेक कॉस्ट मी फॉर्टी लॉट्स. अँड ही जस्ट सेड, हो गं." तिने टेप उपटून काढली. "तुम्ही तिथे होतात. तुम्ही रोज तिथे होतात."

मी हो म्हणाले. तिने मला घरी जायला सांगितलं आणि मी गेले.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणापाशी उभी. "सगळं शेत ओलं होतं का? ऑल ऑफ इट? की तुम्ही जस्ट सेफ साइडला सगळंच म्हणताय?"

प्रश्न बरोबर होता. मी ते कधी मोजलंच नव्हतं. मी पातळी मोजायची लेव्हल भाड्याने आणली आणि दोन दिवस सकाळी आम्ही दोघी शेतात होतो. मी यंत्रापाशी, ती आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून, दर पन्नास फुटांवर. पहिल्या दिवशी ती माझ्याशी फक्त आकड्यांपुरतं बोलली. दुसऱ्या दिवशी एकदम म्हणाली, "मी दहा वर्षांची असताना बाबा मला हे धरायला लावायचा. आय हेटेड इट सो मच. हात दुखायचे. तो म्हणायचा, हलू नकोस, तू हललीस की जमीन हलते."

"तू आत्ताही हलतेयस," मी म्हणाले.

"ओ माय गॉड," ती म्हणाली, "तुम्ही दोघं सेम आहात," आणि पहिल्यांदा हसली.

रस्त्याकडचा उत्तरेचा तुकडा, दोन पूर्णांक चार दशांश एकर, त्या पावसातल्या पाण्यापेक्षा वर निघाला. आठ वर्षं आपण दोघं 'सगळं शेत, सगळं शेत' म्हणत भांडलो, आणि सगळं नव्हतंच. तुम्ही असता तर हे मला आयुष्यभर ऐकवलं असतंत. तो तुकडा अनघा विकणार आहे. उरलेल्या आठ पूर्णांक सत्त्याण्णव शतांश एकरांवर कधी भराव नाही, बांधकाम नाही. तिने ते ठरवलं तेव्हा मी तिला आठवण करून दिली की तुला मोकळी जमीन द्यायची असं बाबांच्या मनात होतं.

"मोकळीच दिली ना," ती म्हणाली. "म्हणून तर मी ठरवू शकले."

तिची एक अट होती. कागदात कारण लिहायचं, आणि ते मी लिहायचं. वकील म्हणाला कारणाची काही गरज नसते. ती म्हणाली, आहे. मग मी लिहिलं: मूळ आराखड्यातला रस्ता भावी रहिवाशांच्या मागणीवरून फिरवण्यात आला, ती मागणी लेखी यादीने करण्यात आली होती, यादी करणारी मी, त्यामुळे या बावीस घरांचं पाणी या जमिनीवर येतं, जमीनमालकाने या कारणाने आपला पुढचा टप्पा सोडून दिला. खाली माझं नाव. यादीतली तीन कुटुंबं गाव सोडून गेली आहेत. उरलेल्या चार घरी मी स्वतः गेले. तिघांनी सही केली. एका काकूंनी तर आत बोलावून रडून घेतलं. चौथे म्हणाले, आम्हाला असं काही आठवत नाही. मी त्यांना आठवण करून दिली नाही. मलाही आठ वर्षं आठवत नव्हतं.

माफी मागते, काका. ही तुम्हाला पोचत नाही हे धरूनच मागते. तुम्ही मला ज्या आठ वर्षांत चहाला हाक मारलीत, त्यातल्या कुठल्याही शनिवारी मागता आली असती. चहा प्यायलात, नावं ठेवलीत, आणि लोकांसमोर माझ्या वाटणीचं स्वतःकडे घेऊन ते परत कधी माझ्या दारात आणून टाकलं नाहीत. सात इंच मी तुम्हाला परत केली तेव्हा तुम्ही मला शाबासकी दिलीत. हे मात्र इतकी वर्षं माझ्याकडेच राहिलं.

काल आम्ही दोघी काउंटीच्या ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही पानं वाचली, अनघाची सही बघितली, शिक्का उचलला आणि माझ्याकडे बघून विचारलं की तुम्ही कोण, कुटुंबातल्या का. मी नेमकं काय नातं सांगावं याचा विचार करत होते. शेजारीण म्हणावं, की घर घेणारी, की यादी करणारी. तेवढ्यात अनघाच इंग्रजीत म्हणाली, "ही माझ्या बाबांशी भांडायची."

बाईंनी मान डोलावली आणि शिक्का मारला. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.